बोटीवरची ताटं

आमच्या बोटीवर जो स्वयंपाक करतो त्याला सगळे भंडारी म्हणतात. तो डहाणूकडचा. माझ्या लग्नाच्याही आधीपासून आमच्या बोटीवर आहे. एका संध्याकाळी मी कामावरून घरी आले तर तो आमच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला, लुंगी वर सरकवलेली, आणि माझी सासू त्याच्या मांडीला खोबरेल तेल लावत होती. मांडीवर तळहाताएवढा फोड आला होता, आणि त्याच्या भोवतीची कातडी लालबुंद.

"कधी भाजलं?" मी विचारलं.

माझा नवरा बोटीचा तांडेल, ती चालवतो तोच. तो आतून तेलाचा डबा घेऊन येत होता, म्हणाला, "परवा."

"परवा? आणि आज आलात?"

"जाळं पाण्यात होतं. ते सोडून येऊ?"

माझं सासर उत्तनचं, किनाऱ्यावरचं, पण माहेर वसईकडचं, वाडीतलं, केळी-भाजीचं. समुद्रातलं मला फार कळत नाही, असं या घरात सगळ्यांचं ठाम मत आहे आणि ते पुष्कळसं खरंही आहे. पण भाजलेल्या माणसाला दोन दिवस तसंच ठेवायचं नसतं एवढं कळायला समुद्र कशाला लागतो? मी पर्स खांद्यावरून काढलीच नाही. तशीच रिक्षा थांबवली आणि त्याला घेऊन भाईंदरला दवाखान्यात गेले.

रिक्षात त्याने सांगितलं ते असं. वारा उत्तरेचा होता, बोट फार हालत होती. सगळ्यांना वाढून झालं की तो शेवटी जेवतो. तोवर कालवण गार झालेलं, म्हणून त्याने स्वतःपुरतं पुन्हा उकळून घेतलं. मासे ठेवायच्या खणाच्या झाकणावर ताट ठेवलं आणि समोर मांडी घालून बसला. बोट कलली, ताट सरकलं आणि कालवण भातासकट मांडीवर.

"ते ताट पळतंच बाय," तो म्हणाला. "हमेशा पळतं."

एखाद्या खोडकर जनावराबद्दल बोलावं तसं तो बोलला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, बोटीवरची सगळी जेवणाची भांडी घरी आण. त्याने गोणीत भरून आणली आणि ओट्यावर ओतली. बघते तर काय, आमच्या घरातली सगळी अडगळ. कुणाच्या बाप्तिस्म्याला मिळालेली स्टीलची पातळ ताटं, त्यावर बाळाचं नाव कोरलेलं. कुणाच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला वाटलेल्या ताटल्या. अर्धं गुलाबाचं फूल उरलेली एक फुटकी मेलामाइनची डिश. आणि एक ताट असं, की जमिनीवर ठेवलं की आपोआप गोल फिरायचं, कारण त्याचं बूड फुगलेलं होतं. घरात जे नको झालं ते बोटीवर गेलं, इतकं साधं ते होतं. त्याच बोटीवर नवीन इंजिन आहे. मासे कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र आहे. वायरलेस आहे. जाळ्याला छोटंसं भोक पडलं तर घरातले सगळे गडी-बायका तीन-तीन दिवस अंगणात बसून विणतात.

मी नवऱ्याला म्हटलं, "चांगली ताटं घे बोटीसाठी."

"तू घे ना मग. तुला कोण नको म्हणतंय?"

या वाक्याचा अर्थ आमच्या घरात एकच असतो. आता हे काम तुझं, आणि त्यात काही बिघडलं तर तेही तुझं.

सासू म्हणाली, "बोटीवर जेवाया जातात का मासे पकडाया गो? ताट काय नि पान काय."

मी मीरारोडला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. शनिवारी लवकर सुटते. त्या शनिवारी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात भांड्यांच्या एका मोठ्या दुकानात शिरले. गल्ल्यावरच्या माणसाला म्हटलं, बोटीवर वापरायला ताटं हवीत. त्याचा चेहरा खुलला. त्याने पोऱ्याला हाक मारून वरून एक खोका काढायला लावला. आत पांढऱ्याशुभ्र डिश, काठाला निळी रेघ, मध्ये निळा नांगर.

"बोट के लिए एकदम परफेक्ट, मॅडम. पार्टी में सब पूछेंगे कहाँ से लिया."

"भैया, मच्छी पकडने की बोट है. उत्तन की."

त्याने खोक्याचं झाकण लावलं. "तो फिर इतना क्या सोचना? कोई भी ले जाओ. वो लोग थोडी ना देखते हैं."

मी बाहेर पडले. घरी परत येताना बसमध्ये, मुर्धा गेलं, राई गेलं, तरी माझ्या मनात त्याला द्यायची उत्तरं चालूच होती. एकाहून एक चांगली सुचत होती आणि आता त्यांचा काही उपयोग नव्हता.

माझी मुलगी कॉलेजला जाते. ती म्हणाली, "मम्मी, तू बाजारात कशाला फिरतेस? ऑनलाइन बघ." तिने मोबाइलवर मला दाखवलं. खरोखर बोटीसाठीच बनवलेल्या डिश होत्या. खाली रबराचं कडं बसवलेलं, सरकू नये म्हणून. फोटोत पांढरी बोट, पांढरा टेबलक्लॉथ, दारूचे ग्लास, लिंबाच्या चकत्या आणि पांढरे कपडे घातलेली हसरी माणसं. मला ती माणसं नको होती, रबराचं कडं हवं होतं. मागवल्या.

आणणाऱ्या माणसाने भाईंदरहून तीनदा फोन केला. उत्तन कुठे आहे, इतकं लांब का आहे, मी राईपर्यंत येऊन घेऊन जाईन का. शेवटी खोका आला. उघडला तर डिश केवढी, तर आमच्याकडे लोणचं वाढतात तेवढी. सासूने भाताच्या डावाने एक डाव त्यात टाकला, डिश भरून भात बाहेर सांडला. तिला हसू आवरेना.

"ह्याच्यात मांजर जेवंल," ती म्हणाली.

परत पाठवायला म्हणून मुलीने नोंद केली. घ्यायला येणारा माणूस आज येतो, उद्या येतो, करता करता ती नोंद आपोआप रद्द झाली. पुन्हा केली. पुन्हा रद्द. तो खोका आमच्या दाराच्या मागे किती तरी महिने होता. केर काढताना रोज मी तो उचलायची आणि रोज तिथेच ठेवायची.

तोवर भंडारीची जखम सुकत आली होती, पण तो गावी गेला. बोटीवर दुसरा माणूस स्वयंपाकाला घेतला. "येईल गं तो," नवरा म्हणायचा. मला खात्री वाटत नव्हती. मी त्याच्या जागी असते तर आले नसते.

दवाखान्यातल्या एका मैत्रिणीने नया नगरमधलं दुकान सांगितलं. केटररवाले तिथून सामान नेतात. तिथला माणूस चांगला होता. त्याने मला नीट विचारलं, किती माणसं, काय खातात, भांडी कोण घासतं. मग जाड प्लास्टिकची खोल ताटं काढली, खण पाडलेली. एक जमिनीवर आपटलं, वर स्वतः उभा राहिला. ताटाला काही झालं नाही. मी इतकी खूश झाले की परत येताना वाटेतून मिठाई घेतली.

बोट फेरीवर गेली. परत आली तेव्हा नवऱ्याने जी गोणी आणून दिली तिच्यात जेमतेम निम्मी ताटं होती. ती हळदीने पिवळी पडली होती आणि त्यांना डिझेलचा आणि जुन्या तेलाचा असा काही वास येत होता की सासूने ती घरात घेऊ दिली नाहीत. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. स्टील राखेने नाही तर वाळूने घासून निघतं, प्लास्टिकचा ओशटपणा जात नाही. हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं.

"बाकीची कुठे आहेत?"

"काही वाऱ्याने गेली. हलकी आहेत. रिकामं ताट ठेवलं की उडतं."

"सगळी वाऱ्याने?"

त्याने डोकं खाजवलं. "घासायला जाळ्याच्या तुकड्यात बांधून पाण्यात सोडली होती. गाठ सुटली."

मी ओट्यावरच बसले. हा माणूस दर फेरीहून आला की पहिलं काय बोलतो? जाळ्यात प्लास्टिक येतं. पिशव्या येतात, बाटल्या येतात, मासे कमी नि कचरा जास्त, शहरातले लोक समुद्राची वाट लावतायत. हे बोलताना त्याच्या तोंडाला फेस येतो. आणि आता मी पैसे मोजून आणलेलं प्लास्टिक यांनी स्वतःच्या हाताने समुद्रात सोडलं होतं.

"आता तुझ्याच जाळ्यात येतील ती," मी म्हटलं.

त्याने गोणी पायाने बाजूला सारली. मग म्हणाला, "ताटांवरून किती डोकं खाणार आहेस?"

आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो.

खरं तर मी तिथेच सोडून द्यायला हवं होतं. कुणी मला विचारत नव्हतं. पण मला ते सुटेना. मोर्व्याच्या रस्त्यावर एक पंक्चर काढणारा आहे. त्याच्याकडून जुन्या ट्यूबची कडी कापून घेतली आणि बाप्तिस्म्याच्या त्या स्टीलच्या ताटांना खालून चिकटवली. पाटावर ठेवून पाट तिरका करून बघितला. ताट हलत नव्हतं. मुलीने टाळ्या वाजवल्या. पुढच्या फेरीत गरम कालवणाने आणि खाऱ्या पाण्याने सगळा गोंद सुटला. एक कडं कालवणाच्या टोपात सापडलं. नवीन स्वयंपाक्याने ते मासा समजून कुणाला तरी वाढलंही होतं. नवऱ्याने ही गोष्ट बंदरावर सगळ्यांना सांगितली असणार, कारण पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्साहून निघताना दुसऱ्या बोटीचा ओळखीचा तांडेल मला म्हणाला, "काय वहिनी, आज कालवणात ट्यूब की टायर?"

मी हसले. घरी येऊन भांडी जरा जास्तच जोरात घासली.

आता सासूच्या कपाटाविषयी सांगायला हवं. तिच्या लग्नातली स्टीलची ताटं तिने कपाटात जपून ठेवलेली आहेत. सणाला, फादर जेवायला आले तर, तेवढीच निघतात. त्यांचे काठ उभे आहेत, चार बोटं उंच. बूड रुंद आणि सपाट. हातात घेतलं की हात खाली जातो इतकं वजन. ती ताटं घासताना एकदा मला वाटलं, अरे, हवं ते हेच.

"न्हाय," सासूने मी विचारायच्या आत सांगितलं. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं असावं. "ती माझ्या बापानं दिलेली हायत."

"आय, मी मागत नाहीये. एकच दे, दुकानात दाखवायला."

तिने कपाट उघडलं, ताटं एकेक करून बघितली. मग एक ताट टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलं आणि वर सांगितलं, रिक्षात मांडीवर ठेव, खाली ठेवू नको.

ते एक ताट घेऊन मी जिथे जिथे गेले, तिथे तिथे दुकानदारांनी ते हातात घेतलं, बोटाने वाजवलं, कौतुक केलं आणि परत दिलं. "इतना भारी अब नहीं आता." एकाने तर मलाच विचारलं, हे विकणार का. उन्हात फिरून माझं डोकं दुखत होतं. शेवटी भाईंदर पूर्वेला, जेसल पार्ककडे जाताना एक लहानसं दुकान लागलं. तिथल्या म्हाताऱ्या गुजराती बाईने ताट बघितलं आणि माळ्यावर चढली. मला वाटलं आता ही पडणार आणि तेही माझ्या माथी येणार. पण ती धुळीने माखलेली एक चळत घेऊन उतरली. सासूच्या ताटाएवढी जड नव्हती, पण काठ उभे होते, बूड रुंद होतं.

"कोई लेता नहीं," ती म्हणाली. "सबको डिझाइन चाहिए."

मी सगळी घेतली.

त्याच सुमारास इंजिनाचं काम निघालं म्हणून बोट काही दिवस उभी होती. आणि भंडारी परत आला. एका सकाळी ओट्यावर येऊन उभा राहिला, हातात गावाकडच्या वालाची पिशवी. जखमेच्या जागी कातडी गुळगुळीत आणि फिकट झाली होती. मला फार बरं वाटलं. मी त्याला चहा दिला.

इंजिन दुरुस्त झाल्यावर बोट जरा बाहेर नेऊन फिरवून बघणार होते. मी म्हटलं, मी येणार.

"तू कशाला?" नवरा म्हणाला. "वारा आहे. उलट्या करशील."

"ताटं मी आणलीत. मला बघायचंय."

त्याने हात झटकले. मी घरून भात आणि बोंबलाचं कालवण डब्यांत भरून घेतलं. होडीतून बोटीवर चढताना दोघांनी मला ओढून वर घेतलं. खाडीचं तोंड सोडून बोट बाहेर गेली आणि मला कळलं की याला वारा म्हणतात. पहिली काही मिनिटं मी फक्त दोरी धरून बसले होते. पोटातलं गळ्याशी आलं होतं, पण उलटी करून त्याला बोलायची संधी द्यायची नाही, एवढं एकच मनात घट्ट धरलं होतं.

भंडारीने कालवण गरम केलं. मी नवीन ताटात भात घेतला, वर कालवण घातलं आणि त्याच झाकणावर ठेवलं, जिथून त्याच्या मांडीवर सांडलं होतं. झाकणाला तेलरंग दिलेला, वर पाण्याचे थेंब. बोट कलली. ताट सावकाश, अगदी सावकाश, काठाकडे सरकू लागलं. सांडलं नाही, काठ उंच होता. पण सरकत होतं. मी हाताने धरलं.

नवरा सुकाणूजवळून बघत होता. तो हसला. फार नाही, जरासा.

"बघ," म्हणाला. "आता फेविकॉल आण."

खलाशी हसले. आणि मला काय झालं माहीत नाही, मी उभी राहिले आणि ओरडले. घरातली बाई खलाशांसमोर तांडेलावर ओरडत नाही, हे मला या घरात आल्या दिवसापासून ठाऊक आहे.

"हस! तुझं जाळं फाटलं असतं तर हसला असतास? माणूस भाजला तेव्हा तुला जाळं दिसलं. दोन दिवस तो तशा मांडीने तुमच्यासाठी भात रांधत होता. आणि मी महिनोन्महिने दुकानं फिरतेय, तर मीच वेडी!"

कुणी हसलं नाही. मला रडू येत होतं आणि मळमळतही होतं, आणि एका हातात अजून ते ताट होतं. भंडारी खाली मान घालून टोपावरचं झाकण नीट करत होता. ते आधीच नीट होतं.

मला ताट कुठे तरी ठेवायचं होतं, बस्स. पायाशी बर्फावर घालायचं गोणपाट पडलं होतं, ओलंचिंब. मी ते उचललं, दुमडलं, झाकणावर टाकलं आणि ताट त्याच्यावर आपटलं. घरी मी नारळ खवते तेव्हा खवणीखाली ओलं फडकं घालतेच. पण तेव्हा काही खवणी आठवली नव्हती. रागाने टाकलं होतं. बोट कलली, मग दुसरीकडे कलली. कालवण ताटात एका बाजूच्या काठापर्यंत चढलं आणि परत आलं. ताट जागचं हललं नाही.

मी बघत राहिले. सगळेच बघत होते. मग पुन्हा मोठी लाट आली, मी दोरी पकडली, आणि ताट तसंच.

नवऱ्याने सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं. तो आला, भंडारीच्या हातातून डाव घेतला आणि एका ताटात भात वाढला. वर कालवण, त्यातले बोंबील निवडून मोठे मोठे. ते ताट त्याने गोणपाटावर माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"बस," तो भंडारीला म्हणाला. "तू आधी जेव."

"मी मागून जेवतो की."

"बस म्हटलं ना."

भंडारी बसला. जेवला. नवरा माझ्याकडे बघत नव्हता, आणि माफी वगैरे त्याने नंतरही मागितली नाही. मी माझ्या ताटातलं काही खाऊ शकले नाही. बोट बंदराकडे वळल्यावर मी काठावरून वाकून यथेच्छ उलटी केली, आणि त्यावर कुणी अक्षर काढलं नाही.

ती ताटं पुढच्या फेरीवर गेली. सोबत धुतलेली दोन जादा गोणपाटं मी दिली. बोट आली तेव्हा मी मुद्दाम कामावरून लवकर निघून बंदरावर गेले. नवरा उतरला तो वैतागलेलाच.

"तांदूळ संपले," म्हणाला. "शेवटी बिस्किटं खाऊन दिवस काढले."

"संपले कसे? नेहमीएवढेच दिले होते."

"तुझी ताटं! केवढी खोल आहेत. जो तो भरून घेतो. आधी ताट सांडायच्या भीतीने थोडं थोडं घ्यायचे."

मी भंडारीकडे बघितलं. तो होडीतून टोपल्या वर देत होता. "खरं हाय बाय," म्हणाला. "पोट भरून जेवतात आता सगळे."

म्हणजे इतकी वर्षं ही माणसं अर्धपोटी जेवत होती का, असं मला तिथेच ओरडून विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. घरी येताना दुकानात थांबून मी पुढच्या फेरीसाठी तांदळाची आणखी एक गोण सांगितली. नवऱ्याचं म्हणणं, एवढे लागत नाहीत, बोटीवर जागा अडते. दर फेरीला निघायच्या आधी आमचं त्यावरून वाजतं. दर फेरीला गोण जाते.